सी प्रोग्राममधले संदेश वेचताना : प्रीप्रोसेसरची मदत आणि तिच्या मर्यादा

गेल्या पावसाळ्यात आमच्या हॉस्टेलच्या मेसमधल्या संगणकावर एक छोटी खिडकी उघडली. तीत इंग्रजीत एक प्रश्न होता आणि खाली मराठीत दोन बटणे होती, 'होय' आणि 'नाही'. मेसचा हिशेब पाहणाऱ्या काकांनी 'होय' दाबले आणि ऑगस्ट महिन्याची हजेरी, कट, गेस्ट, फीस्ट असे सगळे पुसले गेले. बॅकअप होता. पण तो जुलैचा होता.

तो प्रोग्राम मी लिहिला होता. मिनी प्रोजेक्ट म्हणून सी भाषेत, जीटीके वापरून, आणि मोठ्या अभिमानाने 'संपूर्ण मराठी' म्हणून. काकांना विचारले तेव्हा ते म्हणाले, "अरे, बाकी सगळं मराठीत येतं ना, ते मी नीट वाचून दाबतो. हे एकच इंग्रजीत आलं. मला वाटलं संगणकाचं स्वतःचं काहीतरी असेल. तसलं काही आलं की होय म्हणायचं, असं तूच सांगितलं होतंस." आणि खरंच, मीच सांगितले होते. पुढचे पंधरा दिवस मी आणि माझा रूममेट रोज रात्री जेवणानंतर मेसच्या जाड रजिस्टरवरून आणि कटच्या चिठ्ठ्यांवरून महिना पुन्हा भरत बसलो. १५ ऑगस्टला जोडून घरी गेलेल्या काही जणांच्या चिठ्ठ्या सापडल्याच नाहीत. त्यांच्या बिलावरून जे काही ऐकून घ्यावे लागले ते छापण्याजोगे नाही.

तो एक प्रश्न इंग्रजीत का राहिला, हे शोधताना जे शिकायला मिळाले ते इथे लिहितो आहे. कोडच्या ओळी नागरीत दिल्या आहेत, कीबोर्डावर अर्थातच रोमनमध्ये टाइप करायच्या. संदेशही मुळात इंग्रजी आहेत, ते उच्चाराप्रमाणे लिहिले आहेत.

गेटटेक्स्ट कसे चालते?

सी प्रोग्रामचे संदेश दुसऱ्या भाषेत दाखवायचे दोन जुने मार्ग आहेत. पहिला म्हणजे एक्स/ओपन या संघटनेच्या मानकातला 'कॅटगेट्स'. त्यात प्रत्येक संदेशाला क्रमांक असतो. प्रोग्राम म्हणतो, तिसऱ्या संचातला सतरावा संदेश दे. संदेशांची यादी आणि प्रोग्राम यांचे क्रमांक जुळते ठेवणे हे प्रोग्रामरच्या गळ्यात. मधला एक काढून नंतरचे क्रमांक सरकवले आणि भाषांतर जुनेच राहिले, की 'पैसे जमा झाले' च्या जागी 'कागद संपला' दिसणार.

दुसरा मार्ग 'गेटटेक्स्ट'. हा १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला सन मायक्रोसिस्टिम्समध्ये निघाला, आणि १९९५ मध्ये ग्नू प्रकल्पाने स्वतःची आवृत्ती काढली. उलरिख ड्रेपर हे तिच्या मूळ लेखकांपैकी. यात क्रमांक नाहीत. इंग्रजी वाक्य हीच किल्ली. प्रोग्राममध्ये

गेटटेक्स्ट("स्टुडंट नॉट फाउंड")

असे लिहिले, की ते फंक्शन चालू भाषेच्या संदेशकोशात ही अक्षरमाळ जशीच्या तशी शोधते. सापडली तर तिचे भाषांतर परत देते. सापडली नाही तर? मूळ इंग्रजी वाक्यच परत देते. एरर नाही, वॉर्निंग नाही, लॉगमध्ये ओळ नाही. अर्धवट भाषांतर झालेला प्रोग्रामही चालत राहावा म्हणून ही सोय मुद्दाम केलेली आहे, आणि ती चांगलीच आहे. पण तिच्यामुळेच काय राहिले आहे हे कोणी सांगत नाही. एक स्पेस किंवा एक पूर्णविराम कमी-जास्त झाला तरी किल्ली लागत नाही आणि सगळे शांतपणे इंग्रजीत दिसते.

दर वेळी गेटटेक्स्ट लिहायचा कंटाळा येतो, म्हणून सगळेजण त्याला अंडरस्कोअर हे एका अक्षराचे मॅक्रो नाव देतात :

#डिफाइन _(एस) गेटटेक्स्ट(एस)

आणि स्टॅटिक तक्त्यांमध्ये, जिथे फंक्शन बोलावता येत नाही, तिथे नुसती खूण म्हणून दुसरे मॅक्रो :

#डिफाइन एन_(एस) एस

याने प्रत्यक्षात काहीच होत नाही. 'ही अक्षरमाळ भाषांतरासाठी वेचा' एवढेच ते वेचणाऱ्याला सांगते.

वेचणारा म्हणजे एक्सगेटटेक्स्ट हा प्रोग्राम. तो तुमची सी फाईल वाचतो, अंडरस्कोअरच्या कंसातल्या अक्षरमाळा गोळा करतो आणि एका साध्या टेक्स्ट फाईलमध्ये मांडतो. तिला पॉट फाईल म्हणतात. ती भाषांतरकाराकडे जाते, त्याने भरलेली फाईल एमएसजीएफएमटी या प्रोग्रामने बायनरी होते आणि संगणकावर बसते. मराठीसाठी भाषेचा संकेत एमआर. एवढे झाले की प्रोग्राम मराठी बोलू लागतो.

मीही हेच केले होते. एमएसजीएफएमटीला आकडेवारी विचारली तर त्याने सांगितले की सगळे संदेश भाषांतरित, बाकी शून्य. मी तो आकडा सबमिशनच्या पहिल्या पानावर टाकला. पण तो आकडा यादीत जे आले त्याचाच असतो. जे यादीतच आले नाही ते त्याला कुठून दिसणार?

मॅक्रोच्या आड

आता तो नाठाळ प्रश्न. माझ्या प्रोग्राममध्ये धोक्याच्या प्रत्येक कामाआधी खात्री विचारायची होती. वाक्याची शेपटी दर वेळी तीच, म्हणून मी हुशारी केली :

#डिफाइन विचारा(एस) प्रश्न_खिडकी(_(एस " आर यू शुअर?"))

आणि जिथे गरज तिथे :

विचारा("ऑल एन्ट्रीज ऑफ धिस मंथ विल बी क्लिअर्ड.")

सी मध्ये शेजारी शेजारी ठेवलेल्या दोन अक्षरमाळा कंपायलर जोडून एक करतो, हे आपण पहिल्या वर्षीच शिकतो. म्हणजे प्रोग्राम चालताना गेटटेक्स्टला मिळणारी किल्ली होती पूर्ण जोडलेली : महिन्याच्या सगळ्या नोंदी पुसल्या जातील, खात्री आहे का. पण एक्सगेटटेक्स्ट कंपायलर नाही. तो मॅक्रो उलगडत नाही. 'विचारा' हे नाव त्याच्या लेखी कुठलेतरी फंक्शन, आणि त्याला सांगितलेल्या शब्दांत ते नाही, म्हणून त्याने पुढे पाहिलेच नाही. आणि व्याख्येच्या ओळीत त्याला पूर्ण वाक्य सापडणे शक्यच नाही, कारण तिथे नुसते 'एस' आहे.

गंमत म्हणजे 'आर यू शुअर?' एवढेच वाक्य मी दुसऱ्या एका ठिकाणी सुटेही वापरले होते. ते यादीत आले, त्याचे 'खात्री आहे का?' असे भाषांतरही झाले, आणि यादी वाचताना मला वाटले की खात्रीचा प्रश्न झाला आहे. खिडकीवरची 'होय' आणि 'नाही' ही बटणे तर माझी नव्हतीच. ती जीटीकेच्या स्वतःच्या मराठी भाषांतरातून आली. म्हणून इंग्रजी प्रश्न आणि मराठी उत्तरे अशी ती विचित्र खिडकी तयार झाली.

इथे व्हायव्हाचा एक आवडता प्रश्न उपयोगी पडतो. सी च्या मानकात सोर्स फाईलपासून प्रोग्रामपर्यंतच्या प्रवासाचे आठ टप्पे दिले आहेत. चौथ्या टप्प्यात प्रीप्रोसेसर आपले काम करतो : इन्क्लूड, इफडेफ आणि मॅक्रो यांचा निकाल लागतो. सहाव्या टप्प्यात शेजारच्या अक्षरमाळा जोडल्या जातात. गेटटेक्स्टची किल्ली सहाव्या टप्प्यानंतर तयार होते. एक्सगेटटेक्स्ट मात्र चौथ्या टप्प्याच्या आधीची फाईल वाचतो. अक्षरमाळा जोडायचे काम तो स्वतः करतो, पण चौथा टप्पा पूर्ण वगळून. सगळी चूक या फटीत होती.

प्रीप्रोसेसरला कामाला लावा

मग चौथा टप्पा आधी करून घेतला तर? जीसीसीला वजा चिन्ह आणि मोठा ई हा पर्याय दिला की तो प्रीप्रोसेसरपाशीच थांबतो आणि उलगडलेली फाईल समोर ठेवतो. ती एक्सगेटटेक्स्टला दिली की झाले. अडचण एवढीच, की आपले अंडरस्कोअरही मॅक्रोच आहे. ते उलगडून गेटटेक्स्ट झाले तर चालते, कारण एक्सगेटटेक्स्टला ते नाव माहीत असते. पण 'एन_' हे उलगडले की मागे नुसती अक्षरमाळ उरते आणि खूण गायब. तक्त्यातले सगळे संदेश हातचे जातात.

उपाय सोपा आहे. वेचणीच्या वेळी या दोन मॅक्रोंची व्याख्याच करायची नाही. प्रोग्रामच्या हेडर फाईलमध्ये असे लिहिले :

#इफएनडेफ वेचणी
#डिफाइन _(एस) गेटटेक्स्ट(एस)
#डिफाइन एन_(एस) एस
#एंडइफ

व्याख्या नसलेले नाव प्रीप्रोसेसर आहे तसे सोडतो. 'हे फंक्शन कुठे जाहीर केले आहे?' हा प्रश्न विचारणे त्याचे काम नाही, ते पुढच्या टप्प्यांचे. म्हणून 'वेचणी' हे नाव देऊन जीसीसी चालवले की बाकी सगळे मॅक्रो उलगडतात आणि आपल्या दोन खुणा तेवढ्या शिल्लक राहतात. माझी ती ओळ अशी बाहेर आली :

प्रश्न_खिडकी(_("ऑल एन्ट्रीज ऑफ धिस मंथ विल बी क्लिअर्ड." " आर यू शुअर?"));

दोन अक्षरमाळा अजून वेगळ्या आहेत, पण त्या जोडणे एक्सगेटटेक्स्टला येते. पूर्ण वाक्य यादीत आले. तुम्ही ग्लिबची तयार भाषांतर हेडर वापरत असाल तर तीत अंडरस्कोअरची व्याख्या आधीच असते. ती हेडरसुद्धा या इफएनडेफच्या आत टाका, नाहीतर खुणा पुन्हा उलगडतील. मी पहिल्यांदा हे विसरलो होतो.

आज्ञा एका ओळीची आहे. जीसीसीचे आउटपुट पाइपमधून एक्सगेटटेक्स्टला द्यायचे. फाईलच्या नावाच्या जागी नुसते वजा चिन्ह, भाषा सी आहे हे स्पष्ट सांगायचे (फाईलच नाही तर नावावरून तो ओळखणार कसा?), आणि अंडरस्कोअर व 'एन_' हे दोन शब्द कीवर्ड म्हणून द्यायचे. उलगडलेल्या फाईलमध्ये जीटीकेच्या हेडरांच्या हजारो ओळी येतात, त्यांना घाबरू नका. मध्ये मध्ये हॅश, ओळ क्रमांक आणि फाईलचे नाव अशा खुणेच्या ओळी असतात. एक्सगेटटेक्स्टला त्या समजतात, त्यामुळे यादीत प्रत्येक संदेशापुढे तुमच्या मूळ फाईलचाच ओळ क्रमांक येतो, आणि तोही मॅक्रो जिथे वापरला त्या जागेचा. भाषांतरकाराला हेच हवे असते. पी या मोठ्या अक्षराचा पर्याय दिला तर या खुणेच्या ओळी जातात, म्हणून तो देऊ नका.

मराठीला याचा विशेष फायदा आहे. माझ्याकडे असेच दुसरे मॅक्रो होते, 'नॉट फाउंड' ची शेपटी लावणारे. स्टुडंट, बिल, एन्ट्री या तिघांना ते वापरत होते. समजा मी शेपटी आणि नाव वेगवेगळे भाषांतरित करून टक्का-एसने जोडले असते, तर 'सापडला नाही' की 'सापडली नाही' की 'सापडले नाही'? इंग्रजीला लिंगाची पर्वा नाही, आपल्याला आहे. प्रीप्रोसेसरमधून गेल्यावर यादीत तीन स्वतंत्र पूर्ण वाक्ये आली आणि 'विद्यार्थी सापडला नाही', 'बिल सापडले नाही', 'नोंद सापडली नाही' अशी तीन सरळ भाषांतरे झाली. कोड तोच, एक ओळही बदलली नाही.

दुसरी फजिती

हे सगळे जमल्यावर मला इतका आनंद झाला की जुनी पद्धत मी टाकूनच दिली. आता फक्त प्रीप्रोसेसरमधून वेचायचे असे ठरवून लॅबमधल्या संगणकावर नवी यादी काढली, भाषांतर पूर्ण केले आणि मेसच्या संगणकावर बसवले. दुसऱ्याच दिवशी काकांचा निरोप आला. आता एकूण रकमेची ओळ इंग्रजीत येते, जी आधी मराठीत येत होती.

लॅबमध्ये माझ्याकडे मात्र ती मराठीतच दिसत होती. दोन तास डोके खाजवल्यावर कळले. रक्कम मी पैशांत, ६४ बिटांच्या पूर्णांकात ठेवतो. असा आकडा छापताना टक्क्यापुढे कोणती अक्षरे लिहायची हे यंत्रावर अवलंबून असते, म्हणून आयएनटी-टाइप्स या हेडरमधले पीआरआयडी६४ हे मॅक्रो वापरायचे असते. ६४ बिटांच्या लिनक्सवर ते उलगडून 'एलडी' होते, ३२ बिटांच्या लिनक्सवर 'एलएलडी'. लॅबचे यंत्र ६४ बिटांचे. मेसमध्ये कुठल्याशा विभागाने काढून टाकलेले जुने ३२ बिटांचे. मी लॅबमध्ये उलगडून यादी केली, म्हणून कोशातली किल्ली एका एलची, आणि मेसमधला प्रोग्राम विचारत होता दोन एलची. एका अक्षराने चुकामूक.

आणि टाकून दिलेल्या जुन्या पद्धतीला हे बरोबर जमत होते! एक्सगेटटेक्स्ट इतर मॅक्रो उलगडत नसला तरी या विशिष्ट घराण्यातली नावे त्याला ठाऊक आहेत. तो यादीत त्या जागी कोनी कंसात पीआरआयडी६४ हे नावच लिहून ठेवतो, एमएसजीएफएमटी ती खूण बायनरी कोशात जपतो, आणि प्रोग्राम चालताना त्या त्या यंत्राप्रमाणे तिचा अर्थ लावला जातो. मी आधीच उलगडून दिल्यामुळे ती खूण त्याच्यापर्यंत पोचलीच नाही.

मग सावध होऊन बाकीचेही तपासले. स्लिप छापायचा भाग मी इफडेफमध्ये ठेवला होता, प्रिंटर असेल तरच घ्यायचा म्हणून. लॅबमध्ये प्रिंटर जोडलेला नव्हता, म्हणून प्रीप्रोसेसरने तो भाग कापूनच टाकला आणि 'कागद संपला' हा संदेश यादीतून गेला. एक्सगेटटेक्स्ट इफडेफकडे दुर्लक्ष करून दोन्ही फांद्या वाचतो, त्यामुळे त्याच्या यादीत तो होता. प्रीप्रोसेसरनेच वेचायचे असेल तर जितक्या प्रकारे प्रोग्राम बांधला जातो तितक्या वेळा यादी काढावी लागते.

तिसरी गोष्ट टिप्पण्यांची. सी मध्ये कॉमेंट तिसऱ्याच टप्प्यात एका स्पेसमध्ये बदलते, म्हणजे प्रीप्रोसेसरच्या आउटपुटमध्ये ती नसते. भाषांतरकारासाठी कोडमध्ये लिहिलेल्या सूचना अशा हरवतात. माझ्या भाषांतराचे काम रूममेटने केले होते, तो मेकॅनिकलचा. 'कट' या शब्दावर मी कॉमेंट लिहिली होती की हा मेसचा कट आहे, जेवण नको असल्याची नोंद. ती त्याला दिसली नाही आणि नव्या यादीवरून त्याने इमानदारीत 'कापा' असे लिहून दिले. दोन दिवस काकांच्या पडद्यावर प्रत्येक विद्यार्थ्यासमोर 'कापा' असे बटण होते. जीसीसीला मोठ्या सी चा पर्याय दिला की कॉमेंट राहतात, आणि दोन मोठे सी दिले तर मॅक्रोच्या व्याख्येतल्याही राहतात. शिवाय एक्सगेटटेक्स्टलाही बारक्या सी चा पर्याय देऊन त्या यादीत घ्यायला सांगावे लागते.

दोन याद्या आणि त्यांची वजाबाकी

आता मी दोन्ही याद्या काढतो. एक मूळ फाईलमधून, दुसरी उलगडलेल्या फाईलमधून. पहिलीत प्रोग्रामरने काय लिहिले ते दिसते, दुसरीत कंपायलरला काय मिळाले ते. आणि मग दोन्हींची वजाबाकी करतो. त्यासाठी गेटटेक्स्टच्याच पेटीत एमएसजीकॉम नावाचे हत्यार आहे. त्याला बारक्या यू चा पर्याय दिला की दोनपैकी एकाच यादीत असलेले संदेश तेवढे तो छापतो.

माझ्या प्रोग्राममध्ये ही वजाबाकी पहिल्यांदा केली तेव्हा जेमतेम एका पानाची निघाली. ते एक पान वाचायला दहा मिनिटे लागली, आणि प्रत्येक ओळीमागे एक कारण निघाले. फक्त उलगडलेल्या यादीत असलेला संदेश म्हणजे मॅक्रोने बांधलेले वाक्य. तो घ्यायचा. फक्त मूळ यादीत असलेला संदेश बहुतेक वेळा इफडेफच्या बंद फांदीतला. तोही घ्यायचा. दोन्हीकडे थोड्या फरकाने असलेली जोडी दिसली की समजायचे पीआरआय घराणे. तिथे मूळ यादीतला कोनी कंसाचा संदेश ठेवायचा आणि उलगडलेला फेकायचा. आणि काही ओळी अशा निघाल्या की त्या भाषांतराला जायलाच नकोत. एका चाचणीच्या मॅक्रोत मी हॅश चिन्हाने अटीचेच अक्षरमाळेत रूपांतर केले होते, त्यामुळे 'चेक फेल्ड' च्या पुढे अख्खी सी मधली अट लिहिलेला संदेश यादीत आला. रूममेट म्हणाला, "हे मराठीत काय करू?" मी खूण काढून टाकली.

हे काम यंत्राने आपोआप करावे असे वाटते. दोन्ही याद्या सरळ एकत्र करायला एमएसजीकॅट आहेच. पण नुसती बेरीज केली तर पीआरआयच्या जोडीतला फेकण्याजोगा संदेशही आत येतो, आणि भाषांतरकार बिचारा एकच वाक्य दोनदा लिहितो. बेरजेआधी वजाबाकी डोळ्यांनी वाचावी असे माझे मत आहे. मोठ्या प्रकल्पात ती लांबलचक निघेल असे वाटेल, पण पहिल्यांदा स्वच्छ केली की नंतर दर वेळी नव्या बदलांपुरतीच निघते. मी ती मेकफाईलमध्ये 'मेक वजाबाकी' म्हणून टाकली आहे.

एखादा स्टाफमधला वाचक म्हणेल, की अरे, मुळात मॅक्रोत वाक्ये बांधूच नका. गेटटेक्स्टचे हस्तपुस्तकही पूर्ण वाक्ये लिहा असेच सांगते, आणि ते बरोबर आहे. नवीन प्रोग्राम लिहिताना तसेच करावे. किंवा एक्सगेटटेक्स्टला 'विचारा' हा शब्द कीवर्ड म्हणून सांगता येतो, पण मग त्याला कंसातला तुकडाच मिळतो, शेपटी नाही, आणि किल्ली पुन्हा चुकते. तक्ता मॅक्रोने भरला असेल, प्रत्येक ओळीत एक संकेत आणि एक पूर्ण वाक्य, तर मात्र कीवर्डपुढे 'दुसरा घटक' असे सांगून काम भागते, तिथे प्रीप्रोसेसरची गरज नाही. पण आपल्याला प्रोजेक्टला मिळतो तो कोड बहुधा सीनियर्सनी त्यांच्या सीनियर्सकडून घेतलेला असतो. त्यात काय बांधले आहे हे आधी कळायला तर हवे.

वेचणी बरोबर झाली तरी पुढे दोन ठिकाणी किल्ली हरवू शकते. तुम्ही इंग्रजी वाक्यात नंतर किरकोळ बदल केला, की एमएसजीमर्ज जुने भाषांतर त्याला चिकटवतो आणि त्यावर 'फझी' अशी खूण करतो. एमएसजीएफएमटी असे संदेश बायनरीत घेतच नाही, म्हणजे ते पुन्हा इंग्रजीत. आणि शब्दक्रम. 'डिडक्टेड टक्का-डी रुपीज फ्रॉम टक्का-एस' याचे मराठी करताना नाव आधी येते आणि रक्कम नंतर. नुसती अदलाबदल केली तर प्रोग्राम आकड्याला पत्ता समजून कोसळेल. टक्क्यापुढे क्रमांक आणि डॉलरचे चिन्ह लिहून 'दुसरा घटक इथे, पहिला तिथे' असे सांगायची सोय आहे, ती वापरावी. एमएसजीएफएमटीला तपासणीचा बारका सी पर्याय दिला तर अशी चूक तो पकडतो.

शेवटची परीक्षा मात्र प्रोग्राम चालवूनच करायची. आम्ही एक खोटी भाषा तयार केली. एमएसजीईएन प्रत्येक संदेशाचे भाषांतर म्हणून तोच संदेश भरतो, आणि एमएसजीफिल्टरमधून सेड चालवून प्रत्येकाच्या सुरुवातीला एक चौकोनी कंस लावला. मग प्रोग्राम या भाषेत सुरू करून रूममेटला बसवले आणि सांगितले, सगळी बटणे दाब. माझ्या संदेशांपैकी कंस नसलेला कुठलाही संदेश दिसला की ओरड. तो दोनदा ओरडला. एकदा मी एका अक्षरमाळेला अंडरस्कोअरच लावले नव्हते. तशी अक्षरमाळ कुठल्याच यादीत येत नाही, म्हणून वजाबाकीतही दिसत नाही. दुसऱ्यांदा मेसमधून भज्यांचा वास आला होता.

महिना पुसण्याच्या त्या प्रश्नाचे भाषांतर शेवटी काकांना दाखवले. रूममेटने लिहिले होते, 'चालू मासातील सर्व प्रविष्ट्या निरस्त करण्यात येतील. आपली खात्री आहे काय?' काकांनी चष्मा वर केला, दोनदा वाचले आणि पेन मागितले. आता फाईलमध्ये त्यांचे वाक्य आहे : 'या महिन्याच्या सगळ्या नोंदी पुसल्या जातील, परत मिळणार नाहीत. पुसू का?'